प्रकरण सहा पहा

आमच्या ऑफिसात आकडा हाताने टाइप करायला बंदी होती. आम्ही गोदामातल्या कामगारांसाठी मॅन्युअल लिहितो. खोकी वाहून नेणारा सरकता पट्टा कसा चालवायचा, कसा थांबवायचा, बिघडला तर काय करायचं, हे सगळं त्यात असतं. अंजूरपासून पडघ्यापर्यंत जिकडे बघाल तिकडे गोदामं, त्यामुळे कामाला तोटा नाही. या जाडजूड मॅन्युअलमध्ये जागोजागी ‘प्रकरण अमुक पहा’ असं येतं. तो आकडा कॉम्प्युटरवर त्या प्रकरणाला बांधून ठेवता येतो. मग प्रकरण पुढेमागे सरकलं की आकडाही आपोआप बदलतो. आम्ही त्याला जिवंत रेफरन्स म्हणायचो.

हे सगळं मला शिकवलं आमच्या वस्तीतल्या दादाने. कंपनीत मला चिकटवलं तेही त्यानेच. माझ्या वडिलांचं आयुष्य लूमवर गेलं. ऑफिसची नोकरी म्हटल्यावर त्यांना उगाच धास्ती वाटायची, तिथे आपल्या पोरीला कोण विचारणार म्हणून. तेव्हा दादा घरी येऊन त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “काका, काळजी नका करू. मी हाय ना.” त्या दिवसापासून आई त्याला पोटच्या पोरासारखं मानू लागली. दर रविवारी तो चहाला असायचाच. मला मात्र त्याने एक अट घातली होती. “ऑफिसात मला सर म्हणायचं, अहोजाहो करायचं. घरी दादाच.” मला त्याची गंमत वाटायची. रिक्षातून उतरेपर्यंत तो दादा, आणि जिना चढला की सर.

पडघ्याच्या एका नव्या गोदामाचं काम आलं तेव्हा मी अजून कच्चीच होते. हे मॅन्युअल नीट गेलं की तुला कायम करू, असं मालकांनी सांगितलं होतं. आमच्याकडे नवं मॅन्युअल म्हणजे जुन्याचीच फाइल उघडून त्यात बदल करायचे. त्यामुळे जुन्या गोदामाची भुतं नव्यात राहतात. एक रेफरन्स तर कामगाराला अशा जिन्याकडे पाठवत होता, जो या गोदामात नव्हताच. मी एकेक आकडा तपासला, चुकीचा काढला, बरोबर प्रकरणाला बांधला. डोळे चुरचुरायचे, पण शेवटी कुठल्याही आकड्यावर क्लिक केलं की फाइल टुणकन योग्य जागी जायची. एवढ्या कंटाळवाण्या कामाचा मला अभिमान वाटत होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

जिवंत रेफरन्सची एक खोड आहे. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की कधी कधी आकड्याच्या जागी ‘एरर’ छापून येतं. म्हणून छापायला देण्याआधी आम्ही रेफरन्स गोठवायचो, म्हणजे आकडा साधा, मेलेला करून टाकायचो. पण ते अगदी शेवटी, आणि तेही फाइलच्या कॉपीवर. गोठवायची कळ मला दादानेच दाखवली होती. “मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही,” असा दमही भरला होता. ऑफिसात ती कळ आम्हा दोघांनाच माहीत होती.

शुक्रवारी मी फाइल त्याच्या हवाली केली आणि घरी गेले. मी निघाल्यावर मालकांचा फोन आला, ‘सुरक्षा प्रथम’ असं एक नवं प्रकरण सगळ्यात आधी घाला. दादाला अंजूरला मित्राच्या हळदीला जायचं होतं. आमच्याकडे लग्न चुकलं तर चालतं, हळद चुकवलेली चालत नाही. त्याने रेफरन्स आधीच गोठवून ठेवले होते, तेही कॉपी न करता मूळ फाइलवरच. त्या मेलेल्या आकड्यांच्या डोक्यावर त्याने नवं प्रकरण ठेवलं, फाइल छापखान्यात धाडली आणि गेला नाचायला. सगळी प्रकरणं एका घराने पुढे सरकली, रेफरन्स जिथल्या तिथे राहिले.

पडघ्याच्या गोदामातला सुरक्षा अधिकारी छापलेली प्रत घेऊन ऑफिसात आला. त्याने मालकांसमोर वाचून दाखवलं, “हात किंवा कपडा पट्ट्यात अडकल्यास ताबडतोब प्रकरण सहा पहा.” मग त्याने प्रकरण सहा उघडलं. तिथे होतं, ‘पट्टा सुरू करणे’.

नशीब, प्रती अजून कामगारांच्या हातात गेल्या नव्हत्या. मालकांनी विचारलं, “हे कोणी केलं?”

दादा माझ्या शेजारीच उभा होता. म्हणाला, “रेफरन्स हीच बघते.”

वाक्य खोटं नव्हतं. पुढचं वाक्य तो आता बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो पंख्याकडे बघत होता. तुझं कायम करायचं नंतर बघू, असं मालक मला म्हणाले, आणि विषय संपला.

जिन्यात मी त्याला गाठलं. “सर, गोठवले तुम्ही. प्रकरण घातलं तुम्ही.”

“अगं, हळदीची घाई होती,” तो हळूच म्हणाला. “आत्ता मालक तापलेत. थंड झाले की मीच सांगतो.”

मी विश्वास ठेवला. पुन्हा बसून मी सगळे आकडे जिवंत केले. राग त्याच्यावर होता. ज्याचा हात अडकेल त्या कामगारावर तो कशाला काढायचा? फाइल गेली, अधिकाऱ्याने ठीक आहे म्हणून कळवलं. मालक थंड झाले, चांगले हसतही होते. तेव्हा दादा त्यांना माझ्यादेखत म्हणाला, “मी शेजारी बसून करून घेतलं हिच्याकडून.” कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर राखणीचं कौतुकही घेतलं.

घरी मी काही बोलले नव्हते. बोलून काय, आईने आधी त्याचीच बाजू घेतली असती. रविवारी तो नेहमीसारखा आला, चप्पल दाराशी काढून वडिलांच्या शेजारी बसला. निदान इथे तरी खरं बोलेल, अशी वेडी आशा मला होती.

वडिलांनी विचारलं, “पोरीला कायम करायचं काय झालं? कामात काय कमी हाय का तिच्या?”

त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “चुका होतात काका, नवीन हाय ती. शिकेल हळूहळू. तुम्ही कशाला काळजी करता? मी हाय ना.”

आई कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. मी उठून त्याच्या समोर उभी राहिले.

“सर,” मी म्हणाले, “तुम्ही नसलात तरी चालेल.”

आईने दचकून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात त्याला सर कोणी म्हणत नव्हतं.