आगीचा लगाम

ऊसतोडीच्या बैलगाड्या माजलगावच्या रस्त्याला लागायच्या आधी जिलानी नालबंदाच्या दारी थांबतात. बैल दोरानं आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुराला लोखंडी पत्री ठोकायची. खिळा तिरपा गेला पाहिजे. सरळ गेला की खुराच्या आतल्या जिवंत मांसाला, जिव्हाळीला लागतो आणि बैल हंगामभर लंगडतो. चाळीस वर्षांत जिलानीचाचाच्या हातून एकही बैल लंगडला नाही. आमच्या भागात कुणालाही विचारा.

ही कला त्यानं कधी लपवली नाही. मला हाताखाली घेऊन शिकवली, तशी गावातल्या उत्तरेश्वरालाही शिकवली, आणि त्यानं पुढं चाचाचीच अर्धी गिऱ्हाइकं नेली. चाचा म्हणायचा, "उस्तादांनी बजावलंय. विचारलेला इल्म, विचारलेली विद्या जो लपवील, त्याला कयामतीच्या दिवशी आगीचा लगाम."

नात तहूरा बारावीला. चाचाच तिला जुन्या लुनावर क्लासला सोडायचा. वही उघडण्याआधी ती "रब्बी जिद्नी इल्मा" म्हणायची. परवरदिगार, माझा इल्म वाढव. तेवढं ऐकायला चाचा हातोडा थांबवायचा.

यंदा भिंतीपलीकडची, तहूराच्याच क्लासची सायली डेंग्यूनं पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. सोमवारी परीक्षा. तिची आई छबुबाई वही मागायला आली.

"मावशी, मी लिहिलंच न्हाई," तहूरा म्हणाली.

वही तिच्या मांडीखाली होती. चाचानं ती पाहिली.

छबुबाई गेल्यावर त्यानं विचारलं, "खोटं कावून बोललीस?"

"सर म्हणतात, नोट्स दिल्या की रँक दिली."

"अन् ज्याचं नाव घेऊन वही उघडतीस, तो काय म्हणतो?"

"दादा, तुमचं काम बैलाचं. माझ्यापुढं लाखभर पोरं हायेत."

चाचा तडक क्लासला गेला. सरांनी खुर्ची दिली, चहाही मागवला. "चाचा, काळ स्पर्धेचा आहे. तुमच्या नातीच्याच भल्याचं सांगतो."

"सर, पोरगी हुशार केलीत. पण मागणाऱ्याच्या तोंडावर दार लावायला कावून शिकवलंत?"

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. पुढची बॅच दारात उभी होती. चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्यानं वही उचलली. उंबऱ्यावर पाय थबकला. न विचारता नेली तर तीही चोरीच. वही जागेवर ठेवून तो रिकाम्या हातानं शेजारी गेला.

"छबुबाई, वही हाय. पोर देत न्हाई. माफ करा मला."

"असू द्या चाचा, लेकरं हायेत," छबुबाई म्हणाली.

खाटेवरून सायलीचा बारीक आवाज आला. "चाचा, मी बी दिली नसती."

चाचा तसाच माघारी आला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "क्लासवर माझा राग न्हाई बे. मीच पोरगी नेऊन घातली. पण शेजाऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढायचं, याला हे लोक इल्म म्हणतात. अन् लेकरांना ते पटतंय!" बोलताना त्याचा खिळा वाकला. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी तहूरा ओट्यावर अभ्यासाला बसली. ओठ हलले, "रब्बी..."

चाचानं हात वर केला. "थांब. आज ते मागू नको. तो देईल, अन् तू लपवशील."

तहूरानं सायलीकडच्या भिंतीकडं पाहिलं. मग ते न मागताच तिनं वही उघडली.