ठोकेबाईचा खांब

कामावर तिचं खरं नाव कुणी घेत नसे. पाठीमागे सगळे तिला ठोकेबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. कुणाच्याही घरी गेली की हातात पाण्याचा पेला यायच्या आधी ही थापीची मूठ भिंतीवर आपटून बघणार. टाइलमागे माल पूर्ण भरलेला असेल तर आवाज खणखणीत येतो, आत पोकळ असेल तर बोद, म्हणजे दबका येतो. बोद आवाज आला की पाहुणचार संपला. नणंदेच्या नव्या न्हाणीघरात तिने असे सतरा बोद आवाज मोजले आणि चार लोकांदेखत सांगितले. नणंद दोन वर्षं बोलली नाही. "नको बोलूस," ही म्हणाली, "पण अंघोळ डोकं सांभाळून कर."

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे, हे खरंच. पण तो उगाचचा राग नव्हता. वडील गवंडी होते आणि त्यांनी मुलीला आणि धाकट्या मुलाला एकाच भिंतीपुढे उभं करून काम शिकवलं होतं. पुढे धाकटा ठेकेदार झाला, इस्त्रीचा शर्ट घालायला लागला. हिच्या हातातली थापी हातातच राहिली. कामं धाकट्याने आणायची आणि त्यातली अवघड, म्हणजे कमानी, घुमट, गोल खांब, ताईने करायची, अशी वाटणी ठरून गेली. सपाट भिंतीला टाइल काय, कुणीही लावतो. गोल खांबावर सरळ टाइल मधोमध टेकते आणि तिच्या दोन्ही कडा हवेत राहतात. म्हणून पट्ट्या अरुंद कापायच्या, अॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा माल, खांबालाही लावायचं आणि पट्टीच्या पाठीलाही. तेही असं, जे ओलं असताना पट्टी खाली घसरू देत नाही आणि वाळल्यावर थोडं लवचिक राहतं. हे ती समजावून सांगायला लागली की लोकांना वाटे, बाई भांडतेय. बहुतेक वेळा ती भांडतच असे.

लहान मुलांच्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा तिचं वय बावन्न होतं. दवाखान्याच्या मोठ्या दालनात दोन गोल खांब, कवेत मावणार नाहीत एवढे जाड. प्रत्येक खांबाभोवती सिमेंटचा गोल बाक, आयांनी मुलं मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसायला. खांबांना वरपासून खालपर्यंत निळ्या टाइलच्या पट्ट्या लावायच्या होत्या. तिने बाकावर बसून वर बघितलं. डोक्याच्या बरोबर वर तीन माणसं उंच टाइल. एक पट्टी सुटली तर ती कुणाच्या मांडीत पडेल हे सांगायला कुणी जाणकार नको होता.

आणि धाकट्याने गोण्या पाठवल्या त्या जमिनीवरच्या फरशीला लावायच्या अॅडहेसिव्हच्या! तिने फोन केला नाही. त्यातलाच माल कालवून एक पट्टी खांबाला लावली आणि धाकटा येईपर्यंत तशीच ठेवली. तो आला तेव्हा पट्टी चार बोटं खाली सरकून तिरकी लोंबत होती.

"बघ तुझी गोणी," ती म्हणाली. "खांबाला टाइल लावायचीय का घसरगुंडीला?"

"ताई, अॅडहेसिव्ह ते अॅडहेसिव्ह. गोदामात पडून होतं."

"मग तू पण जाऊन तिथंच पडून राहा."

दुसऱ्या दिवशी बरोबर गोण्या आल्या. काम सुरू झालं. तिची एक जुनी सवय होती, वडिलांनी लावलेली. दर विसावी पट्टी लावल्या लावल्या ती पुन्हा उचकटून काढायची आणि पाठ बघायची. पाठीला सगळीकडे माल चिकटलेला असला तरच पुढे. दुसरी सवय त्याहून साधी. खांबावर दातेरी थापीने मालाच्या रेघा ओढल्या की पट्टी लावायच्या आधी रेघेला बोट लावून बघायचं. बोटाला माल लागला तर लाव, नाही लागला तर खरवड. कारण मालावर वाऱ्याने दुधासारखी साय धरते. वरून ओला दिसतो, पण चिकटत नाही. आत्तापर्यंत साय धरलेल्या मालावर टाइल लावणाऱ्या तीन कारागिरांना तिने कामावरून हाकललं होतं.

चौथ्या दिवशी तिने छातीच्या उंचीला वीतभर रुंद पट्टा मालाने भरला, रेघा ओढल्या, आणि तेवढ्यात धाकटा आला. उद्घाटनाची तारीख ठरली होती. दुसरा खांब त्याने एका टोळीला देऊन टाकला होता आणि ती टोळी पट्टीच्या पाठीला मालाचे पाच गोळे लावून भराभर चिकटवत होती.

ठोकेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच गोळे? मधे हवा भरून ठेवतोयस? वरून कीर्तन आणि आतून तमाशा! लेकरांच्या डोक्यावर?"

"दिसायला तर सारखंच दिसतंय ना, ताई?"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. पुढे अर्धा तास ती बोलत होती. वडील काढले, शर्ट काढला, लहानपणी त्याने फोडलेलं रांजणाचं झाकणसुद्धा काढलं. टोळीतली माणसं कामं थांबवून ऐकत उभी राहिली. शेवटी धाकटा लाल कानांनी निघून गेला आणि ही फणफणत आपल्या खांबाकडे वळली. खिडकीतून वारा येत होता. तिने पट्ट्या उचलल्या आणि मालावर अशा दाबल्या की जणू धाकट्याचंच तोंड दाबतेय. एक, दोन, अकरा.

घरी गेल्यावर सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी, दिवसाला मोजून बोलायचा. "भांडलीस ते बरोबर," तो म्हणाला, "पण दमलीस." तिने त्यालाही झापलं.

आठवड्याने दवाखान्याच्या मेट्रनबाई खांब ताब्यात घ्यायला आल्या. धाकटा कागद घेऊन उभा होता. सही होणार एवढ्यात ठोकेबाई म्हणाली, "थांबा. आधी वाजवून घ्या."

ती टोळीच्या खांबापाशी गेली. बोद. बोद. बोद. खालपासून वरपर्यंत सगळा खांब रिकाम्या डब्यासारखा बोलत होता. तिने थापीचं टोक एका कडेखाली घातलं, पट्टी अलगद हातात आली. पाठीवर पाच वाळके गोळे. ती तिने मेट्रनबाईंच्या हातात दिली आणि भावाकडे बोट दाखवलं. "हे याचं काम. माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून लाज दुप्पट."

धाकट्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं.

मेट्रनबाई कमी बोलणाऱ्या, पण सरळ डोक्याच्या होत्या. "आता तुमचाही वाजवा," त्या म्हणाल्या.

"वाजवते की!" तिने मूठ आपटली. खणखणीत. वर, खाली, बाजूला, खणखणीत. ती बोलत बोलत खांबाला वळसा घालत होती. छातीच्या उंचीला मूठ आपटली आणि बोद आवाज आला.

तिने पुन्हा आपटली. शेजारची. तिच्या शेजारची. तिला मोजायची गरज नव्हती, किती आहेत ते तिला माहीत होतं. त्या दिवशी तिने रेघेला बोट लावलं नव्हतं. एकही पट्टी उचकटून पाठ बघितली नव्हती. अर्धा तास ती हवेच्या पोकळीवर भाषण देत होती आणि तिच्याच मालावर साय धरत होती.

धाकटाही त्याच बापाचा मुलगा होता. आवाज त्यालाही कळला. तो पुढे झाला. "मॅडम, इथं आतून पाइप गेलाय," तो म्हणाला. "त्यामुळे आवाज वेगळा येतो. ताईच्या कामात खोट नसते."

मेट्रनबाईंनी मान डोलावली. विषय तिथे संपला असता. आत्ताच जिने भर दालनात त्याची फजिती केली होती तिच्याच चुकीवर हा पांघरूण घालत होता, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. टोळीवर आला नव्हता एवढा. तेवढाच स्वतःवरही.

"पाइप नाही," ती म्हणाली.

"ताई, राहू दे ना."

"गप्प बस! पाइप नाही म्हणते ना!" तिने टोक घातलं. पट्टी सुटली, फक्त तिच्या पाठीला लावलेला माल घेऊन. खांबावर तिने ओढलेल्या रेघा साय धरून जशाच्या तशा उभ्या होत्या, एकही दबलेली नाही. तिने ती पट्टी मेट्रनबाईंच्या दुसऱ्या हातात ठेवली.

मेट्रनबाईंनी दोन्ही पाठी निरखून बघितल्या. "यातलं जास्त वाईट कुठलं?"

"हे माझं," ठोकेबाई म्हणाली. "त्या टोळीला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हा दोघांना शिकवलं होतं."

धाकट्याने सहीचा कागद खिशात घातला.

उद्घाटन पुढे गेलं. दोन्ही खांबांची खराब टाइल उतरवायला सहा दिवस लागले आणि सहाही दिवस ठोकेबाई सगळ्यांवर खेकसत होती. सातव्या दिवशी धाकटा जुना सदरा घालून आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि न विचारता दातेरी थापी उचलली. त्याने माल लावला, रेघा ओढल्या. त्या वाकड्या होत्या, पण ती काही बोलली नाही. पट्टी हातात घेतल्यावर तो थांबला. त्याने रेघेला बोट लावलं आणि मालाने भरलेलं ते बोट तिच्यापुढे धरलं.

"लाव," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघतोयस?"