बाबांनी विमानात घरदार पाहिलं

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलाचं घरदार पाहतात. बाप दोन-चार जाणती माणसं घेऊन जातो, विहिरीला पाणी किती ते वाकून बघतो, गोठ्यातल्या बैलाचे दात पाहतो, चुलीकडे नुसती नजर टाकतो आणि तिथे काही बोलत नाही. बोलायचं ते घरी येऊन. माझ्या बाबांनी माझ्यासाठी घरदार पाहिलं ते डाकोटा विमानाच्या कॉकपिटात, ढगांच्या उंचीवर. त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता, पण विमान पडेल म्हणून नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. मी नागपुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि बाबांचं सावनेरला सुताचं दुकान होतं. ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं तो जवळच्याच खापा गावच्या एका विणकराचा मुलगा. त्याचे वडील आमच्याच दुकानातून सूत नेत, पण पायरी चढून कधी वर आले नाहीत, कारण त्यांची जात आमच्याहून खालची. मुलगा नागपुरात शिकला, लढाईत विमानदलात गेला आणि आता मुंबईहून नागपूरमार्गे कलकत्त्याला जाणाऱ्या प्रवासी विमानात कॅप्टनच्या शेजारी बसत होता. आईला मी सांगितलं तेव्हा तिनं चूल पेटवली नाही. मीही तिचीच लेक, तिनं पेटवली तेव्हा मी जेवले नाही.

बाबा मात्र गप्प. फार खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाले, "आदी घरदार पाहीन, मंग बोलीन."

"त्याच्या घरी काय पाहाल? दोन खोल्या आणि एक माग."

"त्याच्या बापाचं घर पाहून मले काय करा लागते? पोट्टा जिथी काम करते, ते पाहीन."

तेव्हा मुंबईला सूत खरेदीला गेले ते मला सोबत घेऊन. जाताना आगगाडी, येताना त्याचं विमान. घरी आईला यातलं काही कळू दिलं नाही, नाहीतर ती रुळावर आडवी झाली असती.

निघायच्या आधी मुंबईला विमानाच्या शिडीपाशी त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की कंपनी त्याची कराचीला बदली करते आहे. कलकत्त्याला पोचला की हो किंवा नाही ते तिथल्या साहेबाला सांगायचं. "तुझे बाबा नाही म्हणाले तर मी हो म्हणणार," तो म्हणाला. मला असा संताप आला. मी म्हटलं, मी काय नुसती सुताची लडी आहे, बापानं दिली तर न्यायची, नाहीतर ठेवून जायची? मी अशीच येते की. तर म्हणाला, "माझा बाप जन्मभर त्या पायरीखाली उभा राहिला. मी तुला मागच्या दारानं नेणार नाही." या माणसाच्या मानीपणाला काय करावं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण तो म्हणाला ते करणारा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बाबांना जे काही बोलायचं ते नागपुरातच बोलायला हवं होतं, आणि बाबांना घाई करा म्हणणं म्हणजे रेड्याकडे दूध मागणं.

विमान वर गेल्यावर बाबांनी डोळे मिटून घेतले ते बराच वेळ उघडले नाहीत. वऱ्हाडावर आल्यावर पुढचं दार उघडून तोच आला. "कॅप्टनसाहेबांनी बोलावलं आहे, शेटजी. या." बाबा उठले, टोपी नीट केली, धोतराचा सोगा हातात घेतला आणि बाकांना धरत धरत पुढे गेले. मी मागोमाग.

कॉकपिट म्हणजे काय, आमच्या दुकानातल्या गल्ल्याएवढी जागा. दोन खुर्च्या, समोर काचा, काचांखाली आणि डोक्यावरसुद्धा काटेच काटे. डावीकडे कॅप्टन, एक जाडेलसे पारशी गृहस्थ. उजवीकडे जाऊन तो बसला. मागे एका कोपऱ्यात बिनतारीवाला कानाला यंत्र लावून बसलेला. बाबा दोन खुर्च्यांच्या मध्ये उभे राहिले आणि मी दारात. इंजिनांचा आवाज इतका, की बोलायचं तर ओरडावं लागे.

बाबांनी पाहायला सुरुवात केली. खरंच सांगते, विहीर पाहताना वाकतात तसेच वाकले. खाली पाहिलं, वर पाहिलं, खुर्चीची कातडी दाबून पाहिली. मग ओरडून विचारलं, "बैल बिथरला तर कासरा वढता येते. हे बिथरलं तर काय वढतं गा?"

"हे बिथरत नाही, शेटजी. चालवणारा बिथरतो."

बाबांनी हुं केलं. ते हुं बरं की वाईट, मला काही कळेना. मी त्यांचा चेहरा वाचत होते आणि तिथे छापलेलं काही नव्हतं.

तेवढ्यात कॅप्टननं बोट दाखवलं. समोर, नागपूरच्या बाजूला, आभाळ आणि जमीन यांच्यामधली रेघच गेली होती. मातकट लाल असं काहीतरी उभं होतं. मे महिन्यातलं धुळीचं वादळ, आम्ही त्याला वावधन म्हणतो. जमिनीवर असताना वावधन आलं की दारंखिडक्या लावून घ्यायच्या आणि वाळवणं आत आणायची. इथे कुठली दारं लावणार? कॅप्टन आम्हाला जागेवर जाऊन बसा असं सांगायला वळले आणि तेवढ्यात विमान खाली गेलं. नुसतं हललं नाही, पायाखालून गेलंच. बाबा माझ्या अंगावर आले, मी दारावर आदळले. बिनतारीवाल्यानं त्यांचा दंड धरून त्यांना एका पेटीवर बसवलं. "बैठ जाओ सेठ, वहीं बैठ जाओ, हिलना नहीं," कॅप्टन ओरडले. मी जमिनीवर बसले आणि खुर्चीचा पाय धरला. वाळवणं, पापड, शाळेतल्या पोरी, काय काय डोळ्यांपुढे आलं. आईला न सांगता आलो याचं फार वाईट वाटलं.

कॅप्टन म्हणाले, मैदान दिसलं नाही तर परत फिरू. एकेका काट्यावरचा आकडा तो मोठ्यानं सांगत होता. उंची सांगत होता, वेग सांगत होता. शाळेत हजेरी घेताना मी नावं वाचते तशा आवाजात. काच लाल झाली होती. एकदा विमान इतकं कलंडलं की बाबांनी "अरे बाप्पा" म्हणून त्याची खुर्ची मागून घट्ट धरली आणि त्याला हाक मारून काहीतरी विचारलं. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ज्या माणसाच्या एका शब्दावर त्याचं सगळं अवलंबून, त्याला उत्तर दिलं नाही. मला वाटलं, संपलं. बाबांना दुकानात कोणी उत्तर दिलं नाही तर ते त्याला परत उभं करत नाहीत. मी मनात त्याला शिव्या घातल्या. अरे, एकदा तरी "हो शेटजी" म्हण.

कॅप्टननं विमान उत्तरेकडून वळसा घालून आणलं. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू काच मळकट पिवळी झाली, मग पांढरी, आणि उजव्या बाजूला खाली टेकडी आणि तळी दिसली. वावधन वर्ध्याच्या अंगाला सरकलं होतं. कॅप्टननं रुमालानं मान पुसली. सगळ्यांच्या दातांत धूळ करकरत होती. बाबा खोकत होते, ओठांना भेगा पडलेल्या, जीभ टाळूला चिकटलेली. त्यानं पाण्याची बाटली काढली, ॲल्युमिनियमचा पेला भरला, कड रुमालानं पुसली आणि मागे वळून दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला.

आमच्या दुकानात त्याच्या वडिलांना पाणी द्यायचं ते वरून, त्यांच्या ओंजळीत. त्यासाठीचा तांब्या वेगळा ठेवलेला असे आणि त्याला कोणी हात लावत नसे. आज त्याच घरातल्या मुलाच्या हातचा पेला बाबांच्या तोंडाशी आला होता. ते प्यायले असते तर पुढे एक शब्द बोलायची गरज नव्हती. मी म्हटलं, देवा, एक घोट. नुसता ओठाला लावू दे.

बाबांनी पेल्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि हात आडवा केला. "नको. मले तहान नाही."

खोटं, धडधडीत खोटं. त्यानं पेला क्षणभर तसाच धरला, मग कॅप्टनला दिला आणि कॅप्टन गटागटा प्यायले. तो पुढे वळला. त्याच्या मानेवरची शीर तेवढी मला दिसत होती. आम्ही जागेवर येऊन बसलो आणि मी खिडकीकडे तोंड केलं ते सोनेगावच्या मैदानावर चाकं टेकेपर्यंत वळवलं नाही.

नागपूरला विमान थोडा वेळच थांबायचं. तो शिडीशी उभा होता. बाबा खाली उतरून पुढे गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "मिळालं उत्तर. तू त्यांच्यावर रागावू नकोस." आणि परत वर चढला. ओरडून काही सांगावं असं वाटलं. सांगणार तरी काय होते?

फाटकाबाहेर टांगा उभा होता. बाबांनी पायरीवर पाय ठेवला आणि माझा बांध फुटला. चारचौघांत बापाशी असं बोलू नये, पण बोलले. "एक पेला पाणी प्यायलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? जीव वाचवला त्यानं तुमचा. माणूस म्हणून तरी प्यायचं."

बाबांनी पाय खाली घेतला. माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच काही खुळ्यासारखं बोलले होते.

"लेकीच्या घरचं पाणी पेतात का वं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे एकदा मुलगी दिली, की तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाण्याचा थेंब घेत नाही. आजोबांनी नाही घेतला, काकांनी नाही. हेही मला पाळण्यापासून ठाऊक होतं, पण जातीचं पाणी तेवढं आठवलं आणि हे आठवलं नाही. त्यालाही आठवलं नाही. त्याला तर कसं आठवणार? ओंजळ पुढे करायची सवय असलेल्या घरातला तो.

"पण दिली कुठं अजून?" मी म्हटलं.

"मनात देल्ली. म्या त्याले हाक मारली अन् त्यानं वळून नाही पाह्यलं, तवाच देल्ली. काम करून राहिला होता पोट्टा. सोयऱ्याची खुशामत करत नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"अधांतरी शब्द देतात काय? जमिनीवर आलो, घरी जाऊ, तुह्या मायले समजावू, मंग शब्द देऊ. घाई काहून करतं?"

मी कराचीचं सांगितलं. भरभर सांगितलं, अर्धं रडत. माझं सांगून होईपर्यंत मैदानावर विमानाचं एक इंजिन सुरू झालं होतं.

बाबा धावले. साठीला टेकलेला माणूस, पायांत कोल्हापुरी वहाणा. फाटकावरच्या चौकीदारानं हात आडवा घातला, तो त्यांनी बाजूला सारला. विमानाचं दार डाव्या अंगाला आणि तो बसतो उजव्या अंगाला, हे त्यांनी आत पाहून ठेवलं होतं. लांबून वळसा घेऊन ते उजव्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली. ज्या माणसाला मी बोडक्या डोक्यानं दुकानाबाहेर कधी पाहिलं नव्हतं, त्यानं टोपीकडे वळूनही पाहिलं नाही. ते ओरडत होते. तोंड हलताना दिसत होतं, शब्द एकही ऐकू येत नव्हता. खिडकीतून त्यानं हात हलवला, मागे व्हा, मागे व्हा.

तेव्हा बाबांनी हात जोडले आणि कमरेत वाकले. लग्नाच्या आधी सीमेवर जावयाचं पूजन करताना सासरा वाकतो, तसे. सुताच्या दुकानाच्या पायरीवरून ज्यांनी त्या घराला कधी वर घेतलं नाही, ते बाबा त्या मुलासमोर भर उन्हात वाकले होते आणि उठत नव्हते.

खिडकीतला हात थांबला. त्यानं कानावरचं यंत्र काढलं, डोक्यावरची टोपी काढली. बाबांवरून त्याची नजर फाटकापाशी माझ्यावर आली. मी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. वेड्यासारखी हलवत राहिले.

विमान गेलं. कराचीला दुसराच कोणीतरी गेला. चौकीदार बाबांना दंडाला धरून, ओरडत ओरडत फाटकापर्यंत घेऊन आला. बाबांनी त्याचं काही ऐकलं नाही. त्याच्या झोपडीच्या सावलीत एक माठ होता, तिथे जाऊन त्यांनी ओगराळ्यानं पाणी काढलं आणि उभ्या उभ्या प्यायला लागले. प्यायले, परत काढलं, परत प्यायले. माठ कोणाचा, भरला कोणी, त्यांनी विचारलं नाही. मी तिथेच धुळीत बसले आणि हसू लागले, आणि हसता हसता मला रडू आलं.