दाण्याच्या डब्याखालची घाण

पक्ष्यांच्या दाण्याचा डबा मी टांगला तो नेमका बायकोच्या पापड्यांवर. पेरूची फांदी मजबूत आहे एवढं मी पाहिलं होतं. फांदीखाली खाट, खाटेवर जुनं धोतर आणि धोतरावर तांदळाच्या पापड्या वाळताहेत, हे बघायला माझ्यासारख्या पक्षीमित्राला सवड कुठली!

डबा पुण्याहून आणलेला. प्लास्टिकचा, वर लाल छप्पर, सोबत दाण्याचं पाकीट. आमच्या वेल्ह्याकडं चारी बाजूंना भातखाचरं, आणि हा शहाणा चिमण्यांसाठी पाकीट फोडतोय. चिमण्यांनी त्यातली बाजरी तेवढी खाल्ली. ज्वारी, गहू चोचीनं भिरकावून दिले. खाली टरफलं, पिसं आणि शीट. ते सांडलेलं टिपायला मग पारवे आले. पारव्याइतका निर्लज्ज पक्षी मी पाहिला नाही. हाकलला की खाटेवरून उतरतो, खाटेखाली जातो आणि तिथं घुमत बसतो, जणू घर त्याचं आणि भाडेकरू आपण.

"अवो, ह्ये काय पडलंय? म्या तर तीळ घातलं न्हवतं," बायकोनं पापडी माझ्या नाकासमोर धरली.

"टरफल असेल गं."

"टरफल ओलं असतंय व्हय? लेकीकडं धाडायच्यात ह्या. पुन्ना एक जरी पापडी नासली, तर ह्यो डबा उकिरड्यावर."

डबा वाचवायला मी खाली परात बांधली. पारव्यांना ती पंगतच वाटली. दुपारी वारा सुटला, परात कलंडली आणि सकाळपासूनचं सगळं एकदम अंगणात. घाण कमी करण्याची ही माझी पहिली योजना.

शेवटी पाकिटाला हात जोडले आणि गिरणीतली तांदळाची कणी घातली. कणीला टरफल नाही, चिमण्यांना निवडानिवड नाही. सकाळी एकच मूठ टाकायची. ऊन चढायच्या आत डबा रिकामा. सांडणं थांबलं तसे पारवेही शेजारच्या पत्र्यावर गेले. हा शोध मी भोरच्या एसटी स्टँडवर ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवला. लोक एसटी आली नसतानाही उठून गेले.

पण शिटेला कणीचा काय इलाज? डबा हलवणं भाग होतं. अंगणभर फिरलो. इकडं तिच्या मिरच्या, तिकडं तिची तुळस, तारेवर तिची लुगडी. तिचं काही नाही अशी जागा एकच निघाली, गोठ्याच्या वळचणीला, जिथं माझी मोटारसायकल उभी असते. मुकाट्यानं डबा तिथं टांगला.

दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं सीट खरवडत होतो. बायको पापड्या उलटायला बाहेर आली. तिनं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा सीटकडं, एकदा माझ्याकडं.

"ऱ्हाऊ द्या आता डबा," ती म्हणाली. "हितं माजं काय वाळत न्हाई."