चौथ्या अंकापासूनची धूळ

विनूदादा गेल्याची बातमी मला माझ्याच रेघांखाली लिहिलेली मिळाली. जानेवारीतली सकाळ होती. बाल्कनीत उन्हाकडे पाठ करून मी मटार सोलत बसले होते आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर कॉमिक्सवेड्यांच्या एका ग्रुपमधला निरोप आला. वर 'अंधड'च्या एका पानाचा फोटो, सगळं आभाळ धुळीनं भरलेलं, आणि खाली हिंदीत, 'इस धूल का जादूगर नहीं रहा।' मी आधी फोटोच पाहिला. कोपऱ्यातला विजेचा खांब जरा जाड झालाय, हे इतक्या वर्षांनी पुन्हा खटकलं, आणि मग खालची ओळ वाचली... माझा मावसभाऊ गेला होता. दिल्लीत, द्वारकेच्या घरी, झोपेतच. वहिनींचा फोन त्यानंतर अर्ध्या तासानं आला. मधल्या अर्ध्या तासात मी मटार सोलत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पाच आठवडे मी ते पाळलं. आता पाळवत नाही.

आम्ही दोघं पहाडगंजच्या मराठी शाळेतले. आमच्या आया सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे सरकारी नोकरीत, त्यामुळे क्वार्टर्स वेगळी असली तरी वाढलो एकत्रच. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. भूगोलाच्या वहीत तो पेन्सिलीनं असा नकाशा काढायचा की बाई बघत राहायच्या. पण शाई फिरवायची वेळ आली की त्याचा हात थरथरायचा. मग ती वही गुपचूप माझ्याकडे यायची. नकाशा त्याचा, किनारा माझा. बाई त्याला शाबासकी द्यायच्या आणि तो मला शाळेबाहेर छोले-कुलचे खिलवायचा. माझी काही तक्रार नव्हती. त्या वयात कुलचा शाबासकीपेक्षा मोठा असतो.

नव्वदीच्या सुरुवातीला त्याला एका कॉमिक्स कंपनीत चित्रकार म्हणून घेतलं. तेव्हा तो मुनिरक्यात एका खोलीत भाड्यानं राहायचा. माझं लग्न होऊन मी यमुनेपलीकडच्या एका नव्या सेक्टरात आले होते. नवऱ्याला नोएडात एका नव्या कंपनीत नोकरी, म्हणून इथे फ्लॅट घेतला. फ्लॅट म्हणजे काय, तर चार इमारती आणि भोवती मोकळे प्लॉट, रेतीचे ढीग, चालू न झालेली लिफ्ट. मे महिन्यात दुपारी क्षितिज पिवळं व्हायचं आणि बघता बघता आंधी यायची. दोरीवरच्या ओल्या चादरी मातकट होऊन जायच्या. दार कितीही बंद करा, वरणात दाताखाली कचकच लागायचीच. मी रडकुंडीला यायचे. पण बाल्कनीच्या काचेआडून ती धूळ बघतही राहायचे. ती सरळ कधी येत नाही. जमिनीवरून वळसे घेत उठते, खांबाला अडते, मागे फिरते, मधेच विरळ होते.

दादाचा नायक होता अंधड, धुळीच्या वादळातून येणारा, हातात शस्त्र न घेणारा. पहिल्या तीन अंकांत दादानं स्वतःच शाई चढवली आणि धूळ दाखवायला सरळ सरळ रेघा मारल्या. मालकांनी पानं उचलून विचारलं, "भाई, ये आंधी है या झाड़ू?" त्या गुरुवारी दादा दोन बसेस बदलून, चौथ्या अंकाची पानं चादरीत गुंडाळून माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सुमे, वाचव यार."

मी कोरड्या ब्रशनं सुरुवात केली, पण ते काही जमेना. मग मोरीतला एक जुना टूथब्रश आणला, शाईत टेकवला आणि अंगठ्यानं केस मागे ओढून सोडले. कागदावर बारीक शिंतोडे उडाले. ते ओले असतानाच ब्रशनं वळसे दिले. दादा टाळ्या पिटत नाचला. टूथब्रश जुना नव्हता हे दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचं काळं तोंड पाहून कळलं. आठवडाभर दादा त्याला फोन करून विचारायचा, "जिजाजी, दात कसे आहेत?"

मग साडेसहा वर्षं दर गुरुवारी तो यायचा. मी शाई चढवायची आणि तो माझ्या मुलीला मांडीवर घेऊन खिचडी भरवायचा, पुढच्या अंकात काय होणार ते तिला सांगायचा, ती झोपली की पोहे करायचा. पोहे छान करायचा. हे सगळं गुपित होतं, कारण कंपनीचा नियम होता की काम बाहेर द्यायचं नाही. कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. माझ्यासाठीच्या सूचना तो पानावरच फिकट निळ्या पेन्सिलीनं लिहायचा. ते निळं छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे कुणी पुसतही नाही. 'सुमे, केस दाट कर.' 'सुमे, आधी चहा घे, मग डोळे कर.' ऑफिसात सगळे हिंदी बोलणारे. एकदा कुणीतरी विचारलं, हे काय लिहितोस? तो म्हणाला, काम करताना मी स्वतःशीच बोलतो. हे त्यानं मला सांगितलं आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आता वाटतं, तेव्हा मी एवढं हसायला नको होतं.

पुढे घरोघरी केबल आली, पोरं टीव्हीला चिकटली, कंपनी बंद पडली. मूळ पानं रद्दीत जाणार होती, ती दादानं उचलून घरी आणली. तो गुडगावला कार्टून शिकवायला लागला आणि मी ब्रश धुऊन कपाटात ठेवला. वाईट वाटलं, पण रडले वगैरे नाही.

पंधराएक वर्षांनी दिल्लीत कॉमिक्सचा मेळा भरला आणि दादाला स्टेजवर बोलावलं. त्याला बाहेरचं खाणं सोसत नसे, म्हणून मी थालीपिठांचा डबा घेऊन गेले. आत गेले आणि चाटच पडले. रंगीत केसांची, चिलखतं घातलेली, पंख लावलेली पोरं सगळीकडे. एकानं तपकिरी दुपट्टा खांद्यावर टाकून अंधडचा वेश केला होता. मी त्याला म्हटलं, "दुपट्टा ज़रा पीछे, हवा उल्टी तरफ़ से आती है।" त्यानं मान डोलावून तो नीट केला. इतकी खूश होते मी त्या दिवशी.

दादाच्या चर्चेला पन्नासेक लोक होते. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर डबा. शेवटी प्रश्न सुरू झाले तेव्हा चष्मा लावलेला एक तिशीचा माणूस उठला. पुढे कळलं, त्याचं नाव अभिषेक, गुडगावात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यानं विचारलं, "सर, चौथे अंक से धूल बदल जाती है। पहले लकीरें थीं, फिर ऐसा लगता है दाँतों में किरकिरा रही है। वो किसने किया, कैसे किया?"

किसने किया. इतका नेमका प्रश्न. कुणालातरी दिसली होती ती! माझे कान तापले. दादानं माझ्याकडे पाहिलं, मला पक्कं आठवतंय, पाहिलं. मग माइक जवळ घेऊन म्हणाला, "मैंने ही। उन दिनों मैं बालकनी में खड़ा होकर आंधी देखा करता था..." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. ओल्या चादरी. वरणातली कचकच. टूथब्रश. फक्त टूथब्रश वहिनींचा झाला होता आणि काळं तोंडही त्यांचंच. मुनिरक्याच्या त्या खोलीला बाल्कनी नव्हती, आणि तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. लोक हसले, टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. त्याची लाज मला आजही वाटते.

नंतर सह्या घ्यायला रांग लागली. मी एक अंक विकत घेतला आणि रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तसा तो दचकला. "अगं, तू कशाला रांगेत?"

"सही कर."

त्यानं लिहिलं, 'सुमनला, सप्रेम भेट.' माझीच धूळ मला सप्रेम भेट! डबा त्याच्यापुढे ठेवून मी म्हटलं, "दादा, ती बाल्कनी माझी होती."

"अगं सुमे, स्टेजवर कुठे एवढं एक्स्प्लेन करत बसू? लोकांना एकच माणूस लागतो. पुढच्या वर्षी सांगतो. बिल्कुल. प्रॉमिस."

पुढच्या वर्षी मी चांगली साडी नेसून गेले आणि दुसऱ्या रांगेत बसले. त्यानं तीच गोष्ट सांगितली, आणखी रंगवून. आता तिच्यात एक पोपटही आला होता. मी चर्चा संपायच्या आत उठले. त्यानंतर आमचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं उरलं. मागच्या दिवाळीला मी सरळच विचारलं, "दादा, का केलंस असं? आता तर कंपनीही नाही, कुणाची भीती?" तो म्हणाला, "इतक्यांदा सांगितलंय ना सुमे, की आता मलाच ते खरं वाटतं."

मी फोन ठेवला. तेच शेवटचं.

तेरावा झाल्यावर वहिनींनी बोलावलं. या वर्षीच्या मेळ्यात दादाच्या आठवणीत प्रदर्शन ठेवणार होते आणि पानं स्कॅन करायला अभिषेकच येणार होता. दिवाणातून आम्ही गठ्ठा काढला. वीस वर्षांनी ती पानं हातात घेतली आणि पहिल्यांदा दिसलं ते निळं. जसंच्या तसं. चौथ्या अंकाच्या पहिल्या पानावर, जिथे आभाळ रिकामं सोडलं होतं तिथे, माझ्या शिंतोड्यांखालून स्पष्ट वाचता येत होतं, 'सुमे, इथे धूळ तू कर. मला जमत नाही.'

अभिषेकही वाकून अक्षरं लावत होता. त्यानं विचारलं, "आंटी, हर पेज पे लिखा है... ये सुमे कौन है?"

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. त्याआधीच त्या म्हणाल्या, "अरे, कोई नहीं। काम करते-करते अपने आप से बातें करते थे।"

म्हणजे त्यांना माहीत होतं. ते वाक्यही त्याचंच, आमच्या हसण्यातलं, आणि मी ते उभ्या उभ्या ऐकलं. वहिनींचे डोळे पाण्यानं भरले होते. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईसमोर मी काय भांडणार? मी पुढचं पान पुढे सरकवलं. अभिषेक म्हणाला, "कोई बात नहीं, नीला तो सॉफ़्टवेअर से हट जाएगा।" आणि त्यानं खरंच एक बटण दाबलं. पडद्यावर धूळ तेवढी राहिली.

जाताना मी वहिनींकडे ते एक पान मागितलं. त्यांनी ते गुंडाळून दिलं. वहिनी, मी हे ज्या मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितेय, ती तुमच्याकडेही येते. त्या दिवशी मी तुमचा मान राखला. पण अभिषेकनं जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते इथे दिलं. ती सुमे मी.

आता समोर उंच इमारती झाल्यात, आंधी आली तरी या बाल्कनीतून नुसती चाहूल लागते. ते पान मी कपाटात दाराच्या आतल्या बाजूला लावलंय, ऊन लागू नये म्हणून. शेजारी माझा ब्रश आहे. रोज सकाळी आंघोळ करून कपडे घ्यायला दार उघडते तेव्हा दादाचं ते तिरकं अक्षर समोर येतं. 'मला जमत नाही.' लाडानंच लिहिलंय ते, मला कळतं. मी रोज त्याला म्हणते, "एवढंच म्हणायचं होतं रे स्टेजवर, दादा." आणि दार लावते.