मागे राहिलेला हमाल

पडदा वर जावा आणि रंगमंचावर आधी नुसत्या चार खुर्च्या दिसाव्यात, तशी ती खोली. खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान, वर व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचं ऑफिस. एक खुर्ची चाकांची, एक प्लास्टिकची, एकीचा हात तुटलेला, आणि एक कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलाजवळून उचलून आणलेली लाकडी. समोर मोठा स्क्रीन. खुर्च्यांच्या पाठीला लाल दोऱ्याच्या गाठी. कुठे दोन, कुठे पाच. मालकाच्या चाकांच्या खुर्चीला मात्र एकही नाही. लाकडी खुर्चीत पाय जमिनीला जेमतेम टेकवून, चष्मा कपाळावर ढकलून बसलेली आत्या.

"मेला," आत्या म्हणाली. "परत मेला तुमचा म्हातारा. सकाळपासून सतरावा अंत्यविधी."

आत्या म्हणजे या ऑफिसातल्या मुख्य प्रोग्रामरची आत्या. पण भाच्याच्या तोंडून ऐकून ऐकून ती सगळ्यांचीच आत्या झाली होती. तिचं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात गेलं. एकतीस वर्षं ती तपासणीच्या टेबलावर उभी होती. शिवण सुटली, काज तिरकं गेलं, की तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची. कारखान्याचा दंडक असा, की ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच ती दुरुस्त करायची आणि गाठही त्यानेच उसवायची. दुसऱ्या कुणी त्या दोऱ्याला कात्री लावायची नाही. एकदा अख्ख्या गठ्ठ्याच्या कॉलरी वाकड्या निघाल्या. सुपरवायझर म्हणाला, "बाई, गाडी दारात उभी आहे. डोळे मिटा." बाईंनी डोळे उघडे ठेवून गठ्ठ्यातल्या प्रत्येक शर्टाला गाठ मारली. गाडी रिकामी गेली. आत्याला आठ दिवस घरी बसवलं आणि नवव्या दिवशी परत बोलावलं, कारण तिच्या जागी उभी केलेली बाई सगळंच पास करत होती!

पुढे कारखाना बंद पडला. तपासणीच्या टेबलावर येण्याआधी ती शिवायला बसायची, तेव्हा मशीनच्या सुईने तिचा उजवा अंगठा कायमचा आखडवून ठेवला होता. भाचा म्हणाला, "आत्या, चुका काढण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. आमच्याकडे ये. दिवसभर खेळायचं आणि नावं ठेवायची."

"नावं ठेवायला मला कोण बोलावतंय, याची मी वाटच बघत होते," आत्या म्हणाली आणि दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकून हजर झाली. इथे शर्ट नव्हते, तेव्हा ज्याची चूक त्याच्या खुर्चीला गाठ.

गेमचं नाव 'आरसा सांभाळा'. चार हमाल पुरुषभर उंचीचा आरसा घेऊन गावभरच्या छपरांवरून चाललेत. लंबू, ढोल्या, चपळी आणि म्हातारा. चार माणसांनी खेळायचं, एकेकाने एकेक हमाल घ्यायचा. फळीवरून उडी मारायची ती चौघांनी एका दमात. एक जरी चुकला तरी आरसा कलंडलाच.

खोटं कशाला बोला, खेळ झकास होता. आरशाचं वजन हातातल्या रिमोटच्या थरथरीतून अंगठ्याला कळायचं. चित्रं काढणाऱ्या मुलीने त्या आरशात ढग असे सरकवले होते की आत्या उडी मारायची विसरून बघत बसायची. आणि सगळ्यात मोठी करामत अशी, की जन्मात एकमेकांचं तोंड न पाहिलेली चार माणसं या खुर्च्यांवर बसली, की पाच मिनिटांत "एक, दोन, हं!" करून ओरडायला लागायची. खालचा किल्लीवाला एकदा भाडं मागायला वर आला आणि ढोल्या होऊन तासभर बसला. भाडं विसरला.

खोट होती ती एकाच जागी. अधूनमधून आरसा टेकवून पुढच्या छपरावर दोर टाकायला चढावं लागे. तिथे चित्र धावायचं ते जो सगळ्यांत पुढे त्याच्यामागे. मागचा हमाल चौकटीबाहेर गेला, की गेम त्याला मेलेला धरी. तीनदा असं झालं की तो बाद. उरलेले तिघं आरसा घेऊन पुढे, आणि चौथ्याने मुक्काम येईपर्यंत मांडीवर हात ठेवून बघत बसायचं. म्हाताऱ्याची पकड कधी सुटत नसे, पण उडी आखूड. मरायचा तो तोच.

आत्या नेहमी म्हातारा घ्यायची.

"विंगेत उभं असलेलं पात्र काय मेलेलं असतं?" असं नाटकातला माणूस विचारेल. आत्या नाटकातली नव्हती. तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'मागे राहिला म्हणजे मेला नाही,' आणि भाच्याच्या खुर्चीला सहावी गाठ मारली.

भाच्याने गाठीकडे पाहिलं. "आत्या, ही माझी नाही. मी चित्र मागच्यासाठी थांबवत होतो. वेग मालकांनी मागितला."

मालक तिशीचा, चटपटीत, उभ्या उभ्याच चहा पिणारा माणूस. तो स्वतः कायम चपळी घ्यायचा. आत्या दोरा घेऊन त्याच्या चाकांच्या खुर्चीकडे वळली, तसा तो हसला.

"आत्या, राहू द्या. लोकांना धावायला आवडतं. थांबून थांबून खेळ म्हणजे बँकेतली रांग."

"धावा की. पण ज्याला मागे टाकलंत त्याला मेला का म्हणता?"

"सोमवारी प्रदर्शन आहे. हे बदलायचं तर तीन आठवडे जातील. तपासणीच्या कागदावर सही करा."

"शर्ट असता तरी केली नसती. आणि शर्ट तरी बाही उसवली म्हणून माणसाला घराबाहेर काढत नाही."

"तुमचा अंगठा चालत नाही म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

चित्रकार मुलीने मान खाली घातली. आत्याने मात्र आपला आखडलेला अंगठा वर करून नीट निरखला, जणू प्रथमच ओळख होत होती.

"बरोबर," ती म्हणाली. "माझा चालत नाही. गावात अशी मी एकटीच असेन, तर करते सही. मोजून या."

मालकाने कागद ओढून घेतला, स्वतःच सही ठोकली आणि म्हणाला, "सोमवारी तुम्ही विश्रांती घ्या. स्टॉलवर यायची गरज नाही."

घरी जाताना भाचा जिन्यात म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना. नोकरी जाईल तुझी. हट्ट कशाला?"

"एकतीस वर्षं हट्टाचाच पगार घेतला मी. आता काय फुकट सोडू?"

सोमवारी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये चिक्कार गर्दी. स्टॉलवर त्याच चार खुर्च्या आणून मांडल्या होत्या. मालक कोट घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत होता, आणि समोरच्या रांगेत, तिकीट हातात घेऊन, पिशवी छातीशी धरून आत्या उभी! मालकाचा चेहरा शिवण उसवल्यासारखा झाला. पण रांगेतल्या माणसाला हाकलायचं कसं? तेही चारचौघांत, आणि तिच्या वयाच्या बाईला?

तिची पाळी आली. सोबत तीन अनोळखी माणसं: बसची एक कंडक्टर, दातांचा एक डॉक्टर आणि त्याची बायको. आत्या लाकडी खुर्चीत बसली. म्हातारा घेतला.

पहिली दोन छपरं काय रंगली! "एक, दोन, हं!" चा कोरस झाला. डॉक्टरीणबाईंचा ढोल्या घसरला, तो म्हाताऱ्याने धरून ठेवला. बघ्यांनी टाळी दिली. आत्याही ओरडत होती. जे चांगलं त्याला तिने कधी गाठ मारली नव्हती. मग आरसा टेकवला, कंडक्टरबाईंचा चपळी सुसाट वर चढला, चित्र त्याच्यामागे धावलं. म्हातारा मेला. पुढच्या छपरावर परत मेला. त्याच्या पुढच्यावर बाद.

आत्याने रिमोट मांडीवर ठेवला आणि ताठ बसून राहिली. उठली नाही.

"आजी, दाबा ना बटण!" कंडक्टरबाई म्हणाली.

"दाबून उपयोग नाही. मला बाहेर काढलंय."

"का? काय केलंत?"

"मागे राहिले."

हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. तरी मागच्या रांगेपर्यंत पोचलं. कंडक्टरबाईने भुवया चढवल्या. "म्हणजे काय? मी रोज शेवटचा माणूस चढल्याशिवाय घंटी मारत नाही." तिने चपळीला मागे वळवलं. मागोमाग लंबू आणि ढोल्याही वळले. तिघं आरसा घेऊन उलटे चालत आले, जिथे म्हातारा सुटला होता त्या छपराच्या कडेपर्यंत, आणि तिथे उभे राहिले. गेमला हे ठाऊकच नव्हतं. तिथे काहीच घडत नव्हतं. आरशात ढग सरकत होते, बस्स.

"अहो, पुढे चला, पुढे मजा आहे!" मालक म्हणाला.

"आधी आजींना आणा," डॉक्टर म्हणाला.

"तसं येत नाही."

"मग आम्हीही येत नाही."

बघे हसले. पण कुणी खुर्ची सोडेना, आणि रांगेतलंही कुणी हलेना. पाच मिनिटं तीन हमाल आरसा धरून तसेच उभे. मालक आधी घड्याळाकडे बघत होता, मग लोकांकडे, आणि शेवटी त्या स्क्रीनकडे. आपलाच खेळ पहिल्यांदा बघितल्यासारखा. त्याला दिसलं असावं, की इतका वेळ न धावता इतकी माणसं आपल्या खेळासमोर कधी थांबली नव्हती.

मालकाने कोट काढला. लाकडी खुर्चीजवळ येऊन तो वाकला.

"तीन आठवडे जातील," तो म्हणाला.

"जातील," आत्या म्हणाली.

"आत्या, दोरा आणलाय का? चाकांच्या खुर्चीला बांधायचाय."

आत्याने पिशवीतून रीळ काढलं, आखडलेल्या अंगठ्यावर वीतभर दोरा गुंडाळून दातांनी तोडला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"दोरा माझा, गाठ तुमची तुम्ही मारा," ती म्हणाली. "आणि सैल मारलीत ना, तर तुम्हालाच उसवून परत बांधायला लावीन."