फिरून मॅडम

फिरून मॅडमना ‘हो’ हे उत्तर चालत नसे. “चहा सांगितलात?” या प्रश्नाला कुणी नुसतं “हो” म्हणालं, की त्या चष्म्यावरून बघत. “काय सांगितलं? फिरून सांगा.” मग त्या बिचाऱ्याला “दोन चहा, एक बिनसाखरेचा” असं साग्रसंगीत म्हणावं लागे. पनवेलजवळच्या नव्या विमानतळावर जमिनीवरच्या कामगारांसाठी वायरलेसचं जाळं उभारणं हे त्यांचं काम. त्याचे अहवाल माणसांना कळतील असे लिहिणं हे माझं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना दोन्हींची फारशी ओढ नव्हती.

मॅडम घाबरत, आणि तसं सांगतही. बैठकीत सगळे ‘आव्हान’ म्हणायचे तिथे त्या ‘भीती’ म्हणायच्या. “शेडच्या मागे आवाज तुटतो. मला भीती वाटते.” “पॉझिटिव्ह राहा, मॅडम,” असं साहेब म्हणाले, की त्या डबा अर्धा टाकून हँडसेट घेऊन पुन्हा शेडमागे जात. आम्ही हसायचो.

उद्घाटनाआधी विमान मागे ढकलण्याची तालीम ठरली. पाहुण्यांसाठी पत्र्याचं भलंमोठं व्यासपीठ उभं राहिलं होतं, फोटोत विमान यावं म्हणून अगदी त्याच्या जवळ. ते पाहून मॅडमचा चेहरा उतरला. “याच्यामागे आवाज पोचणार नाही.”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” साहेब म्हणाले.

विमान ढकलणाऱ्या टगवर सुकापूरचा जनार्दन होता. मागे लक्ष ठेवायला बाळाराम. तो व्यासपीठाआड गेला होता. साहेबांनी हौसेने स्वतः हँडसेट घेतला. “बाळाराम, मागे मोकळं आहे ना?”

“हो, हो!”

टग हलला. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. “हे कोण बोललं?”

मला काय ठाऊक! त्यांनी साहेबांच्या हातातून हँडसेट ओढून घेतला. “जनार्दन, थांब! फिरून सांग!”

नुसती खरखर. चाकं फिरतच होती. मग आवाज आला, “थांबलो, मॅडम. ब्रेक लावलाय. गाडी बंद केलीय.”

आम्ही धावलो. व्यासपीठाची झेंडूची माळ वाऱ्याने उडून विमानाच्या चाकामागे अडकली होती आणि बाळाराम तिथे वाकून ती सोडवत होता. कमरेचा हँडसेट मुका. चाक त्याच्या खांद्यापासून वीतभर लांब थांबलं होतं.

‘हो’ म्हणाला होता त्याच चॅनलवर ऐकत असलेला सामानाच्या शेडमधला मुकादम. “साहेब इचारतान आन् कोनीच बोलं ना. बरं दिसत नाय, म्हनून मीच हो म्हनलो.”

मॅडम तिथेच खाली बसल्या. बाळाराम माळ हातात घेऊन विचारत होता, “काय झाला मॅडम? पानी आनू?”

व्यासपीठ त्याच दुपारी हललं. काही महिन्यांनी मॅडमची बदली झाली. निरोपाच्या भाषणात साहेबांनी मॅडमनी पेललेल्या आव्हानांचा गौरव केला. बाहेर रिक्षा उभी होती. आत बसल्यावर त्यांनी बाळारामला हाक मारली. “चाकामागे वाकायचं नाही. कुणी काही सांगितलं तरी.”

“हो, मॅडम.”

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. कुणी हसलं नाही.

“चाकामागं वाकनार नाय,” बाळाराम म्हणाला. “कोनी सांगला तरी.”

मग त्यांनी रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

चॅनलवर नुसतं ‘हो’ ऐकू आलं, की अजून माझ्या तोंडून निघतं, “फिरून सांगा.”